दिलेली बाजू

वादविवाद मंडळ माझ्याकडे आलं ते मला बोलता येतं म्हणून नव्हे, मला साडी नेसता येते म्हणून. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होते. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, यंदापासून मुलीही स्पर्धांना बाहेरगावी जायचं म्हणतायत. सोबत एक लेडीज हवी." तोवर मंडळ मराठीच्या सरांकडे होतं. त्यांना मराठी उत्तम येत होतं, पण ते लेडीज नव्हते. अशा रीतीने निवृत्त होईपर्यंत मी सकाळी मुलांना वारे आणि पर्जन्य शिकवलं आणि दुपारी भांडायला शिकवलं. वारे आणि पर्जन्य कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

बाहेरच्या लोकांना हा उद्योग ठाऊक नसतो, म्हणून आधी थोडं समजावते. विषय महिनाभर अगोदर कळतो. प्रत्येक कॉलेज दोघांची जोडी पाठवतं. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, ती अनुकूल बाजू. दुसऱ्याने विरुद्ध, ती प्रतिकूल. दोघांचे मार्क एकत्र करायचे आणि ज्या कॉलेजची बेरीज जास्त, त्याला फिरती ढाल. म्हणजे एकाच एस.टी.तून, एकाच डब्यातली पोळी-चटणी खात आलेली दोन मुलं स्टेजवर एकमेकांचे मुद्दे खोडून काढतात आणि शेवटी हसत हसत एकच ढाल दोन बाजूंनी उचलतात. राजकारणात ही पद्धत पुढे फार वाढली. आमच्याकडे आधीपासून होती.

वेळेचं काम घंटेवर चालतं. पहिली घंटा म्हणजे आवरतं घ्या, दुसरी म्हणजे खाली उतरा. परीक्षक तीन असतात. एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि तिसरा, त्या सकाळी फोनवर ‘येतो’ म्हणाला असेल तो. निकालाआधी परीक्षकही मनोगत व्यक्त करतात. त्यांना घंटा नसते.

ढालीची एक गंमत सांगते. एकदा मालेगावहून आम्ही ढाल जिंकून परत निघालो. ढाल चांगली पितळी, छातीएवढी, आणि गाडीला गर्दी. ती एका सीटवर उभी करून ठेवली तर कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ लागंल."

मी म्हटलं, "अहो, ती फिरती ढाल आहे."

"फिरती हे म्हणूनच तिकीट लागतं, मॅडम. घरी बसून असती तर कोण मागतंय?"

माझ्या मुलांपैकी कुणालाही इतकं चोख उत्तर सुचलं नसतं, म्हणून मी हाफ तिकीट काढलं.

मुलंही नमुनेदार असायची. एकाकडे एकच भाषण होतं. लोकसंख्या, क्रिकेट, हुंडा, धरणं, विषय कोणताही असो, तो पहिलं आणि शेवटचं वाक्य बदलायचा आणि मधला मजकूर तोच. टाळ्याही त्याच ठिकाणी पडायच्या. ते भाषण त्याला कॉलेज सुटल्यावरही पुरलं. आता तो नगरसेवक आहे.

या धंद्यात मी माझा एक नियम केला होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. ज्याला जे मनापासून वाटतं, ती बाजू त्याला द्यायची नाही. मनापासून वाटणारा मुलगा स्टेजवर गेला की तो अडखळतो, मुद्दे मागेपुढे होतात, पहिली घंटा त्याला ऐकूच येत नाही आणि दुसरी झाल्यावर तो ‘एकच मिनिट’ म्हणतो. तिथेच मार्क जातात. ज्याला त्या बाजूचं काही देणंघेणं नाही, तो थंड डोक्याने बोलतो, मधे दोनदा हशा काढतो आणि घंटेच्या आत खाली उतरतो. हुंड्याच्या विषयाला एक मुलगी मागे लागली होती. तिच्या बहिणीचं लग्न हुंड्यापायी मोडलं होतं. मी तिला बोलायलाच दिलं नाही. ती रडली, माझ्याशी अबोला धरला. ढाल त्या वर्षी आम्हालाच मिळाली. तिचं मला वाईट वाटलं आणि ढालीचा आनंदही झाला. दोन्ही खरं होतं.

आता सुवर्णाची गोष्ट.

सुवर्णा मखमलाबादची. तिच्या घरी फुलांची शेती. गुलाब, शेवंती, सीझनला झेंडू. वडील, म्हणजे काशिनाथ अण्णा, रोज पहाटे माल घेऊन गणेशवाडीच्या फूलबाजारात जायचे. कॉलेजात पाहुणा आला की हार-गुच्छ त्यांच्याकडूनच यायचे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती ती. त्या घरातून कॉलेजात आलेली पहिली. इतका कॉलेजवर जीव असलेली विद्यार्थिनी मी दुसरी पाहिली नाही. पहिल्या बसने यायची, लायब्ररी बंद होईपर्यंत बसायची, आणि कुणी पुढारी वारल्याबद्दल सुट्टी जाहीर झाली की सगळ्यांत दुःखी चेहरा तिचा असायचा. तो पुढाऱ्यासाठी नसायचा.

तिला पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलेलं होतं. मुलाचा द्राक्षाचा व्यापार, घर मोठं, माणसं बरी. अण्णांनी त्यांना थांबवून धरलं होतं. "पोरीला शिकायची हौस हे, तेवढं होऊ द्या," एवढंच ते सांगायचे. पाहुण्यांनी दिवाळीपासून दोनदा विचारणा केली होती आणि आता त्यांना हो की नाही ते हवं होतं. हे सगळं सुवर्णानेच मला एकदा लायब्ररीच्या पायऱ्यांवर सांगितलं. तिला पदवी घ्यायची होती, पुढे बी.एड. करायचं होतं. अण्णांच्या त्या एका वाक्यावर सगळं उभं होतं.

त्या वर्षी स्पर्धा आमच्याच कॉलेजात होती. यजमान जोडी ढालीसाठी धरत नाहीत, पण वैयक्तिक बक्षीस मिळू शकतं. विषय होता, ‘महाविद्यालयीन शिक्षणातून विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व घडते’. आमची जोडी म्हणजे सुवर्णा आणि प्रशांत. प्रशांत सातपूरचा. वडील कारखान्यात शिफ्टला जायचे आणि कंपनीकडून आपल्यालाही बोलावणं येईपर्यंत सावलीत बसायची जागा म्हणजे कॉलेज, असं त्याचं स्वच्छ मत होतं. तेव्हा माझ्या नियमाप्रमाणे बाजू आपोआप ठरल्या. प्रशांत अनुकूल, सुवर्णा प्रतिकूल.

"मॅडम, मला दुसरी द्या ना," सुवर्णा म्हणाली. "हे माझ्या तोंडून कसं येईल?"

"तुझ्याच तोंडून चांगलं येईल," मी म्हटलं. आणि आलं.

स्पर्धेच्या दिवशी अण्णा हारांची पाटी घेऊन आले. एरवी ते पाटी ठेवून निघून जायचे. त्या दिवशी प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, म्हणजे नेहमीप्रमाणे येणार होते. हार सुकू नयेत म्हणून अण्णा ओलं फडकं टाकून पाटीजवळच बसून राहिले, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत. सरस्वतीच्या फोटोला तेवढा हार घालून आम्ही पाहुण्यांशिवायच सुरुवात केली. पोरगी माईकवर बोलताना अण्णा पहिल्यांदाच ऐकणार होते.

सुवर्णा त्या दिवशी फार सुंदर बोलली. अजून मला त्यातलं बरंचसं पाठ आहे. "कॉलेजने मला काय दिलं?" तिने सुरुवात केली. "मागच्या बाकावरच्या तिघी मैत्रिणींसाठी तीन वेगवेगळ्या आवाजांत ‘येस सर’ म्हणायला शिकवलं. घडलं ना व्यक्तिमत्त्व? एकीची चार झाली." सभागृह हसलं. "इथे व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान झालं. आत्मविश्वासाने समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, असं सर कागदात बघून म्हणाले." पुन्हा हशा. मग तिने आवाज खाली आणला. हे मी शिकवलेलं. "माझे वडील कॉलेजात गेले नाहीत. तरी गिऱ्हाइकाचं तोंड बघून ते माणूस ओळखतात. आणि मी? माझी वर्षं या भिंतींच्या आत गेली. बाहेर जाऊन कुणी विचारलं, पोरी, तुला काय येतं, तर मी खाली मान घालीन."  पहिल्या घंटेला ती शेवटच्या वाक्यावर होती.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, भिंतीवरचं घड्याळ. प्रशांतने अनुकूल बाजू इतकी छान मांडली की प्राचार्यांनी त्याचं भाषण पुढे माहितीपत्रकात घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा रिकामी पाटी काखेत मारून माझ्याकडे आले. डोळे ओले होते. हात जोडून म्हणाले, "मॅडम, बरं झालं आज थांबलो. पोरीच्या मनातलं कळालं." मी म्हटलं, "मुलगी गुणी आहे तुमची." ते मान हलवत गेले. मला वाटलं, बापाला अभिमान वाटला. मलाही स्वतःचा वाटत होता.

पुढच्या आठवड्यात सुवर्णा आली नाही. घरी लग्नकार्य असेल, ताप असेल, असं मी धरून चालले. मग प्रशांतने मला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, सुवर्णाचं कॉलेज बंद झालं."

"का?"

"तिच्या वडिलांनी तिचं भाषण ऐकलं."

"मग?"

"त्यांना पटलं."

त्याच दुपारी मी मोपेडवरून मखमलाबाद गाठलं. वाटेत सगळे मुद्दे मनात लावले. मुलींचं शिक्षण, कायद्याने तिचा हक्क, शेवटचं वर्ष, हाताशी आलेली पदवी. रागावलेल्या बापाशी भांडायच्या पूर्ण तयारीने मी अंगणात शिरले. अण्णा रागावलेले नव्हतेच. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. सुवर्णा आणि तिची आई पडवीत शेवंतीच्या ढिगाशी बसून हार ओवत होत्या. त्या घरात रिकामा हात कुणाचा दिसत नव्हता. भिंतीवर बक्षिसाचं घड्याळ लागलेलंही होतं.

"सुवर्णा का येत नाही?" मी विचारलं.

"आता कशाला यील, मॅडम? तुमच्याम्होरंच तर बोलली." अण्णा म्हणाले. "पोरगी एवढी वर्षं सोसत व्हती आन आमाला पत्ता नाय. मी रोज इचारायचो, कालेज कसं हे? ती म्हणायची, छान हे. बापाला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची. आन मी येडा, पिंपळगाववाल्यांना थांबवून ठेवलं, का तर पोरीला हौस हे. आता रविवारी जाऊन हो म्हणून येतो."

माझे सगळे मुद्दे त्या बापाच्या मायेपुढे निकामी झाले. जुलूम करणाऱ्याला कसं उत्तर द्यायचं ते मी वर्षानुवर्षं शिकवत होते. लाड करणाऱ्याला काय म्हणायचं हे कुठल्याच विषयात आलं नव्हतं.

"अण्णा, ती स्पर्धा होती," मी म्हटलं. "बाजू वाटून दिलेल्या असतात. तिला प्रतिकूल आली."

"आली म्हंजे?"

"मी दिली."

"म्हंजे तिच्या मनात तसं नव्हतं?"

"मुळीच नव्हतं."

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मंग ती खोटं बोलली? एवढ्या लोकांत, सरस्वतीच्या फोटोम्होरं? त्या फोटोला हार माझा व्हता, मॅडम."

"खोटं नाही हो. बाजू मांडली. वकील मांडतात तशी."

"बरं," ते म्हणाले. "मंग आता ती रडतीय, जेवत नाय, म्हणतीय मला कालेजात जायचंय. ही बाजू तिला कोणी दिली?"

मी कितीतरी मुलांना प्रतिप्रश्नाला ताबडतोब उत्तर द्यायला शिकवलंय. त्या अंगणात मी पाण्याचा पेला उचलला.

ओवता ओवता सुवर्णाची आई म्हणाली, "बाई, आता घरात आमटी कशी झाली इचारलं आन पोरगी चांगली म्हणली, तरी हे म्हणत्यात, अनुकूल बोलतीयस का प्रतिकूल?"

सुवर्णाने मान वर केली. "अण्णा, मी खरं सांगते. एक तर माझं शेवटचं वर्ष आहे, ते वाया जाईल. दुसरं, बी.एड. झालं तर शाळेत नोकरी मिळू शकते. आणि शेवटचं म्हणजे, तुम्हीच मला कॉलेजात घातलंत, तुमचीच इच्छा अर्धी राहील." आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं जिथल्या तिथे होतं. अगदी शेवटच्या मुद्द्याला हळुवार होणंसुद्धा.

अण्णा माझ्याकडे वळले. "बघा. किती छान बोलती. मी कसं धरू हे खरं? ती म्हणली बाप तोंड बघून माणूस वळखतो. मला घरातल्या पोरीचं तोंड वळखता येईना, बाजारातल्यांचं काय घेऊन बसलात."

पोरीने मान खाली घातली आणि सुई पुन्हा शेवंतीत घातली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्या मुलीला कॉलेजने जे काही दिलं होतं, ते एवढंच की तिचं खरं आता कुणाला खरं वाटत नव्हतं. आणि ते देणारी मी तिथेच खुर्चीत बसून पाणी पीत होते.

मग वैतागून मी माझा नियमच सांगून टाकला. "अण्णा, तिला कॉलेज आवडतं, म्हणूनच मी तिला ती बाजू दिली. ज्याला जे खरंच वाटतं ना, त्याला ते नीट बोलता येत नाही. तो अडखळतो. म्हणून ज्याचं त्याला मी कधीच देत नाही."

अण्णा विचारात पडले. मग उठून त्यांनी आतून तांब्या आणि चमचा आणला आणि माझ्या हातात दिला.

"ती घंटी वाजवत्यात ना, ती तुम्ही वाजवा," ते म्हणाले. "सुवर्णे, उठ. दोन्ही बाजू बोल. आधी ती, मंग ही."

त्या अंगणात सुवर्णा हातातली सुई ठेवून उभी राहिली. प्रतिकूल बाजू ती स्पर्धेतल्यापेक्षाही सरस बोलली. आईच्या हातातला हार थांबला. मी चमचा वाजवायची वेळ आलीच नाही, ती आपणहून थांबली.

"आता दुसरी," अण्णा म्हणाले.

"अध्यक्ष महाराज," सुवर्णाने सुरुवात केली आणि थांबली. "मला कॉलेजात..." पुन्हा थांबली. "मला तिथं जायचं कारण... कारण म्हणजे..." मला वाटलं, आता सावरेल. ती सावरली नाही. बराच वेळ ती नुसती फुलांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लायब्ररीत खिडकीपाशी एक बाक हे. दुपारी मी तिथं बसते. तिथं बसलं की कोणी उठ म्हणत नाही."

एवढंच. आणि मग तिला रडू आलं.

मुद्दा म्हणून त्यात काहीच नव्हतं. माझ्या कुठल्याही परीक्षकाने त्याला भोपळा दिला असता. शिक्षणाचं महत्त्व नाही, ज्ञान नाही, समाज नाही, एक बाक. पण तिच्या आईने हातातला हार खाली ठेवला. त्या बाईला आयुष्यात कुठे बसल्यावर कुणी उठ म्हटलं नव्हतं, ते ती आठवून बघत असावी असं मला वाटलं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या तिला."

"हं," अण्णा म्हणाले. त्यांनी तांब्या-चमचा माझ्या हातातून घेतला, आत नेऊन ठेवला आणि बाहेर आले. "पिंपळगावला निरोप धाडतो. पोरगी शिकतीय म्हणून."

सुवर्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. पदवी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. प्रशांतला मात्र वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर कंपनीचं बोलावणं आलं आणि तो परीक्षेला बसलाच नाही. सातपूरला आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो दरवर्षी बोलतो, "मी जो काही घडलो तो कॉलेजमुळे." त्याला दिलेली बाजू त्याने अजून सोडलेली नाही.

मधे बरीच वर्षं गेली. कॉलेजला गुणवत्ता तपासायला समित्या यायला लागल्या आणि आम्ही मुलांना काय देतो ते छापून दाखवायची पद्धत पडली. नेतृत्वगुण, संवादकौशल्य, संघभावना. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या शेवटच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून सुवर्णाला बोलावलं. बी.एड. काही झालं नाही. शेवटी लग्न पिंपळगावलाच झालं, पण ते घर वेगळं. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये ती बोलाचालीचं काम बघते.

"म्हणजे काय करतेस?" मी विचारलं.

"शेतकऱ्याला सांगायचं, द्राक्षाचा मणी बारीक आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला सांगायचं, मणी टपोरा आहे."

"वेगवेगळ्या मण्यांबद्दल?"

"त्याच मण्याबद्दल, मॅडम," ती म्हणाली आणि हसली. "पण आता मी मालकांना सांगून ठेवलंय, शेतकऱ्याशी बोलायला दुसरं कोणी बघा. घरी गेले की सासूबाई विचारतात, आज कोणाच्या बाजूने होतीस?"

स्पर्धा सुरू व्हायला वेळ होता. प्रमुख पाहुणे यायचे होते. सुवर्णा म्हणाली, "मॅडम, तो बाक बघू या."

मला जरा अवघडल्यासारखं झालं. लायब्ररीची ती खोली आता राहिली नव्हती. तिथे काच बसवून व्यक्तिमत्त्व विकास केंद्र केलं होतं. पुस्तकं वरच्या मजल्यावर गेली होती आणि बाकांची रवानगी मागच्या व्हरांड्यात झाली होती, सायकल स्टँडपाशी. तिथे जाऊन शोधलं तर तिचा बाक सापडला. एक पाय वेगळ्या लाकडाचा होता, त्यावरून तिने ओळखला. ती बसली. मीही बसले.

मग इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारला. "त्या दिवशी अंगणात अडखळलीस, ते खरं होतं ना गं? कारण नियम तर मी तुझ्यासमोरच सांगितला होता."

सुवर्णाने लपवलं नाही. "सुरुवातीचं ठरवून होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात अडखळतो, म्हटलं अडखळू या. ‘कारण म्हणजे’ इथपर्यंत माझं नाटक होतं. पुढे काय बोलायचं तेही जुळवलं होतं. आणि मग ते येईचना. हा बाकच डोळ्यांसमोर आला. हे काय बोलून बसले असं झालं मला."

"अण्णांना कळलं होतं?"

"दुसऱ्या दिवशी बसला सोडायला आले होते. म्हणाले, आडखळलीस ते खोटं व्हतं. बाकाचं खरं व्हतं. एवढंच बोलले, पुन्हा कधी नाही." अण्णा आता थकले होते, बाजारात जाणं बंद झालं होतं, हे ती मग सांगत होती. मी ऐकत होते आणि मला भरून येत होतं. इतक्या वर्षांत माझ्या स्पर्धांना असा परीक्षक मिळाला नाही.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई दोन पोरांना घेऊन आला. "मॅडम, उठा बरं. हा बाक मंडपात न्यायचाय. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला बसायला नाय."

मी सवयीने उठले. सुवर्णा उठली नाही.

"ताई, उठा," तो म्हणाला.

"नाही उठत."

"का हो?"

माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी, परीक्षक म्हणून छातीला फूल लावून आलेली. का उठायचं नाही यावर ती अनुकूल-प्रतिकूल काहीही सहज बोलली असती. तिने पिशवी मांडीवर घेतली, पाठ टेकली आणि एकही मुद्दा मांडला नाही.